तीन वर्षं झाली, आमचा प्रश्न सभागृहात मांडायला कोणी नाही

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र

२० मार्च २०२५

महोदय,
स. न. वि. वि.

तीन वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला आमच्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक झाले. तेव्हा तालुक्याला जो तो म्हणत होता, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, पावसाळा उरकला की निवडणूक लागेल. तीन पावसाळे उरकले. चौथ्याच्या तयारीसाठी मी परवाच बाजारात शाळेच्या पत्र्यावर टाकायला ताडपत्री बघून आले. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं, आणि ते लोकांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी खेड्यात राहणारी शेतकरी बाई. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, दोन जनावरं, दोन मुलं. दोन्ही मुलं गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली, धाकटी आता सातवीत आहे. २०२१ पासून मी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. गावाचं आणि जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या एखाद्या लिपिकाला कारणे दाखवा नोटीस निघेल आणि विषय तिथेच मिटवला जाईल. माझं भांडण त्या लिपिकाशी नाही.

माझे सासरे वारले त्याला आता नऊ वर्षं झाली. ते सांगायचे, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा गावात कोणाला फारसं काही कळलं नव्हतं. कळलं ते पाच-सहा वर्षांनी, शाळेच्या दोन खोल्या बांधल्या तेव्हा. गावाने दगड वाहिले, माती तुडवली. जिल्हा परिषदेने लाकूड, कौलं आणि गवंड्याची मजुरी दिली. त्या वेळच्या मेंबरने मारुतीच्या पारावर बसून हिशेब वाचून दाखवला होता म्हणे, कौलं किती आली आणि किती फुटली इथपर्यंत. सासऱ्यांच्या बोलण्यात हे इतक्या वेळा यायचं की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. त्याच खोल्यांबद्दल मला पुढे सांगायचं आहे.

पण आधी शहरातल्या वाचकांसाठी थोडं. महापालिका काय करते ते तुम्हाला ठाऊक असतं, कारण नळ आणि कचरागाडी रोज दिसते. आमच्याकडे ते काम ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्यांवर चालतं. पोराची पहिलीतली पाटी, बाळाचा डोस, अंगणवाडीचा खाऊ, उपकेंद्रातल्या नर्सबाई, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाला जोडणारा रस्ता, पाण्याची योजना, शंभर हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव आणि बंधारे, गुरांचा दवाखाना, दलित वस्तीतली गटारं आणि दिवे, एवढं सगळं जिल्हा परिषदेकडे येतं. मंत्रालय आम्हाला टीव्हीवर दिसतं. सरकार म्हणून आमच्या दारात जे येतं, त्यातलं निम्म्याहून जास्त जिल्हा परिषदेचं असतं.

त्या कारभारावर लोकांनी निवडून दिलेली माणसं बसतात. गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ. एका गटात दोन गण, आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीवर एक सदस्य. कायद्याप्रमाणे एका जिल्हा परिषदेत किमान ५० आणि जास्तीत जास्त ७५ सदस्य. स्थायी समिती धरून दहा समित्या: अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण, जलव्यवस्थापन. तीन महिन्यांत एकदा तरी सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे. त्या सभेत सदस्य उठून विचारतो, खातेप्रमुखाला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि ते इतिवृत्तात लिहिलं जातं. पुढच्या सभेत पहिला विषयच मागच्या इतिवृत्ताचा असतो, त्यामुळे दिलेला शब्द सहजासहजी गिळता येत नाही.

हे कसं चालायचं ते मी जवळून पाहिलं आहे. मागच्या वेळी आमचा गट महिलेसाठी राखीव होता. निवडून आलेल्या बाईंना सगळे मेंबरताई म्हणायचे. पहिलं वर्षभर त्या गप्प असायच्या आणि त्यांचे मालकच बोलायचे, हे खोटं कशाला सांगू? तिसऱ्या वर्षी मात्र त्या स्वतः बोलायला लागल्या. २०१९ च्या पावसात शाळेच्या एका खोलीचा वासा किडून वाकला. मुख्याध्यापकांनी पत्रं लिहून झाली होती. मेंबरताई आल्या, वाशाचा हातभर तुकडा हाताने तोडला (इतका तो भुसभुशीत होता) आणि बाजाराच्या पिशवीत घालून घेऊन गेल्या. सर्वसाधारण सभेत तो तुकडा त्यांनी अधिकाऱ्यांपुढच्या टेबलावर ठेवला. भुसा कागदांवर सांडला. कार्यकारी अभियंत्यांनी तिथल्या तिथे दुरुस्तीची तारीख दिली आणि ती इतिवृत्तात चढली. दोन महिन्यांत सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या पैशातून, त्या खोलीवर नवे पत्रे पडले. आम्ही फार काही केलं नव्हतं. आमचा प्रश्न योग्य खोलीत, योग्य माणसांसमोर, सगळ्यांच्या देखत विचारला गेला, एवढंच.

आता पुढचं ऐका. जुलै २०२२, म्हणजे प्रशासक येऊन चार महिने झालेले. उरलेल्या दोन जुन्या खोल्यांपैकी एकीची भिंत झड लागून फुगली आणि रविवारी दुपारी आढ्याजवळचे तीन वासे खाली आले. रविवार होता म्हणून मी आज हे पत्र शांतपणे लिहू शकते. सोमवारी सकाळी आम्ही दार उघडलं तर दुसरीच्या बाकांवर कौलांचा खच पडला होता. फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच होता.

शाखा अभियंता आले, फोटो काढले, दोन्ही खोल्यांच्या भिंतीवर लाल रंगात 'धोकादायक' असं लिहून गेले. निर्लेखनाचा, म्हणजे खोल्या पाडण्याचा, प्रस्ताव गेला. तो फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झाला आणि मे महिन्यात खोल्या पाडल्या. सासऱ्यांनी वाहिलेले दगड ट्रॅक्टरमध्ये भरले जात होते तेव्हा मी तिथे उभी होते. मला रडू आलं नाही, कारण नवीन खोल्या येणार आहेत असं मी धरून चालले होते.

त्या अजून आल्या नाहीत. पाडण्याच्या मंजुरीला सात महिने लागले. बांधण्याच्या मंजुरीची वाट बघण्यात आता पाडल्यापासूनची दोन वर्षं पूर्ण होत आली. माझ्याकडे एका पिशवीत चौदा अर्जांच्या पोच आहेत, प्रत्येकीवर गोल शिक्का आणि आवक क्रमांक. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलं की प्रस्ताव वर पाठवला म्हणतात. जिल्ह्याला शिक्षण विभागात गेलं की बांधकामकडे आहे म्हणतात. बांधकाममध्ये अंदाजपत्रक तयार आहे, तांत्रिक मान्यता झाली, प्रशासकीय मान्यता बाकी. मग कोणीतरी सांगतं, जिल्हा नियोजनमध्ये धरलंय, निधी आला की होईल. कोणी उद्धटपणे बोललं नाही. एका साहेबांनी चहासुद्धा पाजला. पण यातला एकही माणूस असा नव्हता की ज्याला मी मत दिलं होतं किंवा पुढच्या वेळी देणार नाही असं सांगू शकले असते. या तीन वर्षांत मुख्य कार्यकारी अधिकारीही बदलले. नवीन साहेब आले की आमची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

पहिली-दुसरीची पोरं आता विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात बसतात. चांगली फरशी आहे, वारा येतो. पण फळा खांबाला टेकवून ठेवावा लागतो, आणि एकादशीला बायका दर्शनाला येतात तेव्हा बाई शिकवणं थांबवतात. सप्ताह बसला की आठ दिवस शाळा ओट्यावर. सप्ताह बंद करा असं मी कशी म्हणणार? तो गावाचा आहे, आणि पोरंही गावाचीच आहेत.

आणि हे वाचताना एवढं एक लक्षात ठेवा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. आमच्या शाळेची पत्रे टाकलेली ती एक खोली मतदान केंद्र होती. बिल थकल्यामुळे शाळेची वीज कितीतरी महिने तोडलेली होती. मतदानाच्या आधी तीन दिवसांत ती आली. दाराशी सिमेंटचा उतार झाला, भिंतीला रंग लागला, पंखा फिरायला लागला. सगळं वेळेवर, कारण विधानसभेची मुदत संपत होती आणि ती पुढे ढकलणं कोणाच्या मनातही आलं नाही. त्याच वर्षी लोकसभेचंही मतदान वेळेवर झालं. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्या तर आयुक्त महोदय, आपल्याच आयोगाने घेतल्या. आम्हाला सरपंच आहे, आमदार आहे, खासदार आहे. मधल्या दोन पायऱ्या तेवढ्या काढून घेतल्या आहेत, आणि नेमक्या त्याच पायऱ्यांवर शाळा आणि दवाखाना आहे.

ही एका गावाची गोष्ट नाही. मार्च २०२२ मध्ये २५ जिल्हा परिषदा आणि २८४ पंचायत समित्यांची मुदत एकदम संपली. नंतर एकेक करत इतरांचीही संपत गेली. राज्यात एकूण ३४ जिल्हा परिषदा आहेत. भंडारा-गोंदियासारखे अपवाद सोडले तर ग्रामीण महाराष्ट्र आज प्रशासकांच्या हाती आहे. प्रशासक काम करत नाहीत असं माझं म्हणणं नाही. काही जण फार चांगलं करतात. पण चांगला साहेब मिळणं हे नशिबावर सोडायचं का?

आता माझ्या तक्रारी सरळ लिहिते.

तीन महिन्यांत एक सभा, या हिशेबाने गेल्या तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा परिषदेत किमान बारा सर्वसाधारण सभा व्हायला हव्या होत्या. त्या झाल्या नाहीत. बारा वेळा कोणी विचारलं नाही की उपकेंद्रातल्या नर्सबाईंची जागा कधी भरणार, डांबर पहिल्याच पावसात का वाहून गेलं, नळयोजनेसाठी रस्ता उकरला तो बुजवायचा कोणी. अधिकारी आपसात आढावा बैठका घेतात, मला माहीत आहे. तिथे आमच्याकडून बोलणारं कोणी नसतं, आणि काय बोलणं झालं ते आम्हाला कळत नाही.

दुसरी तक्रार पैशाची आहे आणि ती मला सगळ्यात गंभीर वाटते. सध्या मार्चअखेर चालू आहे. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प अर्थ समितीच्या सभापतींनी मांडायचा, सर्वसाधारण सभेने चर्चा करून मंजूर करायचा, अशी रीत आहे. सदस्य भांडायचे, आपापल्या गटासाठी ओढाताण व्हायची, पेपरात यायचं. त्यातून कोणाला किती मिळालं हे तरी उघड व्हायचं. आता अर्थसंकल्प प्रशासनच तयार करतं आणि प्रशासकच मंजूर करतात. लोकांच्या पैशाचा हिशेब करणारा आणि त्यावर सही करणारा एकच माणूस असू नये, एवढी साधी गोष्ट आम्ही बचत गटात पाळतो. आमच्या गटात दहा बायका आहेत आणि महिन्याला दोनशे रुपये जमा होतात, तरी वही एकीकडे आणि पेटीची किल्ली दुसरीकडे असते.

याच्याच जोडीला पंधरावा वित्त आयोग. महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना जातात. पण निवडून आलेलं मंडळ असलेल्या संस्थेलाच पैसे, अशी केंद्राची अट आहे. मंडळ नाही म्हणून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा वाटा अडकला. या आयोगाची मुदत २०२५-२६ ला संपते. म्हणजे निवडणूक न घेतल्याचा दंड आम्ही भरतो आहोत, आणि तोही अशा पैशातून की ज्यात माझ्या शाळेच्या दोन खोल्या कदाचित बसल्या असत्या.

मग पैसे येतात कुठून? जिल्हा नियोजन समितीतून. त्या समितीबद्दल राज्यघटना म्हणते की तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत. जिल्हा परिषद रिकामी, बहुतेक पालिकाही रिकाम्या, तर ते चार पंचमांश कुठून येणार? राहिले पालकमंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. आमदारांच्या मतदारसंघात आमच्यासारखी दीडशे गावं येतात, त्यांना आमच्या सभामंडपातला फळा कसा दिसावा? आमच्या गटात बावीस गावं होती. मेंबरताईंना बाविसाच्या बावीस शाळा माहीत होत्या.

जनावरांचंही तेच. २०२२ च्या ऑगस्टपासून लम्पी पसरला तेव्हा आमच्या आळीत पाच जनावरं दगावली, त्यात आमचा एक बैल. सरकारने बैलाला २५ हजार रुपये मदत जाहीर केली आणि ती आम्हाला उशिरा का होईना मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण दवाखान्यातली डॉक्टरची जागा त्याआधी किती दिवस रिकामी होती आणि लस आमच्या गावात शेवटी का पोचली, हे विचारायला पशुसंवर्धन समिती असते. ती नव्हती.

आता जी तक्रार कोणी फारशी बोलत नाही ती लिहिते. २०११ पासून आपल्या राज्यात या संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. नुसत्या त्या २५ जिल्हा परिषदांचा किमान आकडा धरला तरी १२५० सदस्य होतात, म्हणजे सव्वासहाशे बायका. पंचायत समित्यांत त्याच्या दुप्पट. एवढ्या बायका तीन वर्षांपूर्वी एका दिवसात घरी बसल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या नाहीत. विधानसभेत आमच्यासाठी अजून एकही जागा राखीव झालेली नाही. खेड्यातल्या बाईला माईकसमोर उभं राहायला शिकवणारी शाळा म्हणजे ग्रामपंचायत आणि त्यावर जिल्हा परिषद. मेंबरताईंना तिसऱ्या वर्षी कंठ फुटला होता. त्यांच्यानंतर येणारीची तीन वर्षं तर सुरूच झाली नाहीत. आर. आर. आबा विधानसभेत जाण्याआधी अकरा वर्षं सांगली जिल्हा परिषदेत होते. पुढे ग्रामविकास खातं हाती आल्यावर गावची स्वच्छता हा विषय त्यांनी असा काही धरला की आमच्यासारख्या गावांनी रात्री गॅसबत्त्या लावून गटारं साफ केली. अशी माणसं याच सभागृहात तयार होतात, मंत्री महोदय. हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

मेंबर सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे मला कोणी शिकवू नये. काही जण स्वतःच ठेकेदार होते, कामं कार्यकर्त्यांत वाटली जात होती, टक्केवारीचं बोललं जायचं. आमच्याच गटात त्याआधीचे सदस्य पाच वर्षांत दोनदा दिसले. पण पाच वर्षांनी आम्ही त्यांना घरी बसवलं. ती सोय आता नाही.

आपलं उत्तर मला ठाऊक आहे: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. होय, आहे. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची कसोटी लावली. त्यानंतर ओबीसींची आकडेवारी गोळा करायला बांठिया आयोग नेमला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राह्य धरला. त्याच्या आधी, मे २०२२ मध्ये, दोन आठवड्यांत निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करा असंही न्यायालयाने सांगितलं होतं. मधल्या काळात एका सरकारने सदस्यांची संख्या वाढवली, पुढच्या सरकारने ती पुन्हा पहिल्यासारखी केली, गट-रचनेचे अधिकार आयोगाकडून सरकारकडे गेले, त्यावर नव्या याचिका झाल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये 'जैसे थे' चा आदेश आला. तेव्हापासून तारखा पडताहेत. यात न्यायालयाचा वेळ गेला हे खरं, पण वादाचं लाकूड दोन्ही सरकारांनी पुरवलं हेही तितकंच खरं आहे. एक गोष्ट ठामपणे लिहिते, कारण माझ्या पत्राचा तसा अर्थ कोणी काढू नये: ओबीसींचं आरक्षण राहिलं पाहिजे. माझ्या गावात ते आल्यापासून कुंभार आणि सुतार आळीतली माणसं पहिल्यांदा पंचायतीत बसली. आरक्षण आणि निवडणूक यांतलं एकच निवडा, असं आम्हाला सांगू नका.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली ती निवडणुका रखडू नयेत म्हणूनच. घटनेच्या २४३-ई कलमात लिहिलं आहे की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ अशा पाच वेळा महाराष्ट्राने ते पाळलं. देशाला पंचायत राज सुचवणाऱ्या बळवंतराय मेहता समितीनंतर वसंतराव नाईकांच्या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवण्याचा धीर या राज्याने दाखवला होता. ज्या राज्याने एका सनदी अधिकाऱ्याला दाराबाहेर ठेवून ही संस्था उभी केली, त्याच राज्यात आज दुसरा सनदी अधिकारी एकटाच आत बसलेला आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

सरकार आणि आयोग दोघांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात लवकर सुनावणीचा अर्ज करावा, आणि त्यात आपली भूमिका एक असावी. अर्ज कोणत्या तारखेला केला हे लोकांना सांगावं. न्यायालयाने परवानगी दिली की किती दिवसांत मतदान होईल, त्याचं वेळापत्रक आयोगाने आजच तयार करून जाहीर करावं: गट-गणांचे नकाशे, आरक्षण सोडत, मतदार याद्या, हरकती, सगळं. परवानगी आल्यावर पुन्हा सहा महिने तयारीत घालवू नयेत.

निवडणूक होईपर्यंत प्रशासकांनी दर तीन महिन्यांनी प्रत्येक तालुक्याला खुली सभा घ्यावी. सरपंच, शाळा समित्या, बचत गट, कोणीही यावं. प्रश्न लिहून घ्यावा, ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं आणि त्याचं इतिवृत्त प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं. यासाठी कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. आपण परिपत्रक काढलं तर पुढच्या आठवड्यात हे सुरू होऊ शकतं.

२०२५-२६ चा अर्थसंकल्प गावनिहाय कामांसह साध्या मराठीत प्रसिद्ध करावा आणि १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. समाजकल्याणाचे २० टक्के, महिला-बालकल्याणाचे १० टक्के आणि दिव्यांगांचे ५ टक्के गेल्या तीन वर्षांत कुठे खर्च झाले, तेही त्यात यावं. वित्त आयोगाचे किती पैसे अडकले आहेत ते जिल्हावार सांगावं, आणि ते बुडू नयेत म्हणून केंद्राकडे काय पत्रव्यवहार केला तो दाखवावा.

शाळेची खोली पाडण्याची मंजुरी देताना त्याच आदेशात नवीन खोलीची मंजुरी आणि तिचा निधी असला पाहिजे. ज्या खोल्या पाडल्या आणि बांधल्या नाहीत त्यांची यादी जाहीर करावी, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी त्यांपैकी किती कामं सुरू होतील ते सांगावं.

शेवटची मागणी कायद्याची आहे. गट-रचना मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी पूर्ण व्हावी आणि त्यानंतर सदस्यसंख्येत बदल करता येऊ नये, अशी दुरुस्ती १९६१ च्या कायद्यात करावी. म्हणजे आमच्या मुलींवर असं पत्र लिहायची वेळ येणार नाही.

मला उत्तर लेखी हवं आहे आणि जाहीर हवं आहे. 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहिलेली पत्रं माझ्या पिशवीत आधीच चार आहेत. पाचवं नको, तारीख हवी.

यंदा जूनच्या मध्यात आमच्या शाळेत पहिलीला नऊ मुलं येणार आहेत. पटनोंदणीसाठी मी आणि बाई घरोघर जाऊन आलो. त्यातल्या एकीच्या आजीने विचारलं, "देवळातच बसवणार का गं पोरीला?" मी तिला सांगितलं की जूनपर्यंत विचारून सांगते. म्हणून आपल्याला विचारते आहे.

आपली विश्वासू,
एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष